डावीकडे नऊ, उजवीकडे चार

बार्लो रोडच्या मधोमध एक पिवळी रेघ आहे. गाड्यांसाठी मारलेली, साधी. तिच्या डावीकडे राहिलात तर तुमची पोरं ॲशग्रोव्हच्या शाळांत जातात, उजवीकडे राहिलात तर टॉलिव्हरच्या. ॲशग्रोव्हला दहापैकी नऊ. टॉलिव्हरला चार. हे आकडे कोण देतं, कशावरून देतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण ओहायोत घर शोधणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, छपराला गळती आहे का हे बघायच्या आधी तो हा आकडा बघतो.

आम्हीही तेच केलं.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा क्लीट आणि दोन मुली. आमच्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला आणि क्लीटला तीन तासांवर बॅटरीच्या कारखान्यात काम लागलं. मी शाळेची बस चालवते, अकरा वर्षं झाली. मी स्वतः अकरावीत शाळा सोडली. पुढचं जे शिकले ते बसमध्ये, पोरं सुटायची वाट बघत, मांडीवर पुस्तक ठेवून. त्यामुळे शाळा नावाच्या प्रकाराचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. रागावलेल्या बाईचं ऐकायचं नसेल तर इथेच थांबा.

थोरली ब्रिन चौदाची. ट्रॉम्बोन वाजवते आणि चांगलं वाजवते. धाकटी ओपल आठची. ओपलला वाचता येत नाही. हुशार आहे, माझ्या बसच्या सगळ्या थांब्यांचा क्रम तिला पाठ आहे. पण कागदावरची अक्षरं तिच्यासमोर जागेवर उभी राहत नाहीत. जुन्या शाळेत वोइचिक नावाच्या वाचनाच्या बाई होत्या. त्या रोज तासभर ओपलला घेऊन बसायच्या, वाळूत बोटानं अक्षरं काढायला लावायच्या. वर्षभरात एकेचाळीस शब्द झाले. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं.

"रॉक्सी, एकच सांगते. हिचं शिकवणं मध्ये तुटू देऊ नकोस. ही आत्ता प्रयत्न करतेय. एक वर्ष मोकळं गेलं ना, तर ही ठरवून टाकेल की आपण मठ्ठ आहोत. मग वाचन शिकवता येतं, पण ते ठरवलेलं पुसता येत नाही."

एवढंच डोक्यात घेऊन मी निघाले होते. बाकी सगळं, स्वयंपाकघर, अंगण, तळघर, मला काही पडलेलं नव्हतं.

घरं दाखवायला पॉलेट ऑयलर नावाच्या बाई होत्या. साठीच्या, केस फुगवलेले, हातात कायम बर्फ घातलेल्या चहाचा भलामोठा पेला. त्यांच्याकडे बार्लो रोडवर भाड्याची दोन घरं होती, अगदी समोरासमोर. डावीकडचं लहान आणि महाग. उजवीकडचं मोठं, पुढे ओटा असलेलं, आणि स्वस्त.

"मिसेस ऑयलर," मी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "या दोन शाळांत चांगली कुठली? आमच्या धाकटीला अजून वाचता येत नाही."

बाईंनी चहाचा घोट घेतला. "हनी, ते मला सांगता येत नाही."

"माहीत नाही की सांगायचं नाही?"

"सांगता येत नाही. कायदा आहे. आकडे फोनवर दिसतील, तुमचे तुम्ही बघा."

कायदा आहे हे खरं. आणि का आहे तेही आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आजीच्या काळात घर दाखवणारे गोऱ्या माणसाला म्हणायचे, 'इथल्या शाळा चांगल्या आहेत', आणि काळ्या माणसाला म्हणायचे, 'तुम्हाला इथं करमणार नाही.' शब्द शाळेचा, अर्थ कातडीचा. म्हणून आता घर दाखवणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप. ते नळाबद्दल बोलतील, गटाराबद्दल बोलतील, शाळेचं नाव काढलं की मूग गिळून बसतील. झालंय काय, की आता आम्ही त्यांच्या भुवया वाचतो. बाई कुठे हसल्या, कुठे खाकरल्या, कुठल्या घराची किल्ली आधी काढली. क्लीट तर पोलिसासारखा त्यांच्यावर नजर ठेवून होता.

डावीकडच्या घरात त्या म्हणाल्या, "ही बाजू लोकांना फार आवडते."

उजवीकडच्या घरात म्हणाल्या, "प्राथमिक शाळा इथून चालत आठ मिनिटं."

"बरं," मी म्हटलं.

मागच्या खोलीत गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "फुटपाथ आहे पूर्ण. आठ मिनिटं."

"हो, म्हणालात तुम्ही."

निघताना ओपलकडे बघून तिसऱ्यांदा, "लहान पायांना दहा धरा. पण चालत."

गाडीत बसल्या बसल्या क्लीट म्हणाला, "बघितलंस? उजवीकडचं घर खपत नाहीये म्हणून बाई गळ्यात मारतेय. सांगण्यासारखं दुसरं काही नाही, तर काय, म्हणे चालत आठ मिनिटं! माझा कुत्रापण चालत जाईल."

"आपल्याकडे कुत्रा नाही, डॅड," ब्रिन मागून म्हणाली.

"डावीकडे घर घेतलं तर आणतो."

"डावीकडेच घ्यायचं. ॲशग्रोव्हचा बँड राज्यात तिसरा आलाय. टॉलिव्हरच्या बँडमध्ये अकरा जण आहेत. अकरा, मॉम! तो बँड नाही, ती रांग आहे."

"आणि तिथं पोरं कसली असतील," क्लीट म्हणाला.

"कसली म्हणजे?"

"तसली नाही गं. म्हणजे… चार आहे, रॉक्स. चार. उगाच कुणी चार देतं का?"

"तू शाळेत किती होतास? तुला कुणी आकडा दिला असता तर किती आला असता?"

"म्हणून तर नऊ पाहिजे ना!"

माझ्याही मनात तेच होतं. खोटं कशाला बोलू? मलाही नऊच हवे होते. आपण जे झालो नाही त्याच्या रांगेत पोरांना उभं करायचं, मग ती रांग कुठे जाते हे न विचारता. मी ओपलकडे आरशातून बघितलं. ती खिडकीबाहेरच्या अंगणांतल्या पाट्या बघत होती. टॉलिव्हरच्या बाजूला सगळीकडे पाट्या रोवलेल्या होत्या. नोव्हेंबरात शाळेच्या नव्या करावर मतदान होतं; आमच्याकडे शाळेचा खर्च गावातल्या घरपट्टीतून चालतो. निम्म्या पाट्या 'हवा' म्हणणाऱ्या, निम्म्या 'नको' म्हणणाऱ्या. ॲशग्रोव्हच्या बाजूला एकही पाटी नव्हती. त्यांचा कर केव्हाच मंजूर झालेला असतो.

दोन दिवसांची मुदत होती. शुक्रवारी पाचपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर डावीकडचं घर दुसऱ्यांना जाणार. मी दोन्ही शाळांना फोन लावले.

ॲशग्रोव्हच्या बाईंचा आवाज लोण्यासारखा. "आम्ही प्रत्येक मुलाकडे एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून बघतो."

"माझ्या मुलीला रोज तासभर वाचनाच्या बाई लागतात. मिळतील?"

"आधी वर्गात निरीक्षण होईल. मग समिती बसेल. मग तपासणी."

"तपासणी झालीय. कागद आहेत माझ्याकडे, चाळीस पानं."

"ते आम्ही आवर्जून बघू. पण आमची प्रक्रिया आम्ही नव्यानं करतो."

"किती दिवस?"

"प्रत्येक मूल वेगळं असतं, मिसेस ह्राबाक."

बाई एकदाही 'नाही' म्हणाल्या नाहीत. मी फोन ठेवला आणि मला बराच वेळ वाटत राहिलं की त्या हो म्हणाल्या.

टॉलिव्हरचा फोन एका माणसानं उचलला. तोंडात घास होता.

"वाचनाच्या बाई? आहेत. दोन. नाही, एक. एक बाळंतपणाला गेलीय. थांबा हं, बघतो."

आणि तो गेला तो गेलाच. मी अकरा मिनिटं फोन कानाला लावून बसले. मागे पोरांचा आरडाओरडा, कुणीतरी कुणाला तरी म्हणत होतं, "ते बादलीत घाल, बादलीत!" उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत बादलीत काय घालत होते देव जाणे. शेवटी फोन कटला.

आता सांगा. एक शाळा गोड बोलून काहीच सांगत नाही, दुसरी फोनच विसरते. नऊ म्हणजे काय आणि चार म्हणजे काय? मी कागदावर दोन रकाने आखले आणि दोन्हींत तेच लिहिलं: माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी मी ॲशग्रोव्हच्या बस डेपोत गेले. नोकरी मागायलाच गेले होते. बसचालकांचा सगळीकडे तुटवडा आहे. पण खरं सांगायचं तर डेपोचा वास आल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. तिथे व्हर्नन टॅकेट नावाचा म्हातारा एका छोट्या बसची काच पुसत होता. चौदा नंबर, बारा सीटची.

"नवीन?" तो म्हणाला.

"अजून नाही. बार्लो रोडला घर बघतेय."

"कुठली बाजू?"

"तेच तर कळत नाहीये."

तो हसला. समोरचे दोन दात नव्हते. "लोक ना, आमदाराला विचारतील, फोनला विचारतील, पाद्र्याला विचारतील. ड्रायव्हरला कोण विचारत नाही. कुठली शाळा पोरांना काय करते ते सकाळी पायरी चढताना दिसतं आणि दुपारी उतरताना दिसतं."

"मग मी विचारतेय. माझ्या धाकटीला वाचता येत नाही."

व्हर्ननचा फडका थांबला. त्यानं चौदा नंबरच्या दारावर थाप मारली.

"मग हीच तिची बस."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी मी ॲशग्रोव्हची सहा पोरं गोळा करतो, वाचता न येणारी. आणि नेतो कुठे? बार्लो रोड ओलांडून टॉलिव्हरच्या प्राथमिकला. तिथल्या बाईंना ते काम येतं. वीस वर्षं करतायत. ॲशग्रोव्हवाल्यांनी त्यांच्याशी करार केलाय."

"नऊवाले आपली पोरं चारवाल्यांकडे शिकायला पाठवतात?"

"रोज. पावणेआठला."

"मग ते नऊ कसले?"

"ते मला काय विचारतेस? मी बस चालवतो."

हे मी क्लीटला फोनवर सांगितलं. कारखान्यात त्याची चहाची सुट्टी होती. तो आनंदानं ओरडलाच.

"मग झालंच की! डावीकडे राहायचं. ब्रिनला बँड मिळेल, ओपलला बस दारातून उचलेल, फुकट. दोन्ही शाळा आपल्या! रॉक्स, आपल्याला लॉटरी लागलीय!"

आणि खरंच, हिशेब बरोबर होता. मी डेपोच्या कठड्यावर बसून तो उलटासुलटा करून बघितला, कुठेच चूक सापडेना. पण माझ्या कानात वोइचिक बाई होत्या. मी परत व्हर्ननकडे गेले.

"त्या सहा पोरांत सगळ्यात लहान कोण आहे?"

त्यानं बोटांवर मोजलं. "ॲल्डन. पाचवीत जाईल आता."

"तिसरीतलं कुणी नाही?"

"नाही."

"दुसरीतलं?"

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "या बसमध्ये चढायला तीन वर्षं लागतात. आधी ते म्हणतात थांबू या. मग म्हणतात घरी जास्त वाचून घ्या. मग समिती. ॲल्डनच्या आईनं वकील केला तेव्हा सीट मिळाली. पहिल्या दिवशी तो पोरगा चढला तेव्हा मी त्याला नाव विचारलं. म्हणाला, 'मी मठ्ठ बसचा ना?'"

मी तिथून कशी निघाले ते मला आठवत नाही. गाडीत बसून मी स्टिअरिंगवर दोनदा मूठ आपटली. ओपलची आठ आणि वाट बघायची तीन, अकरा. मला एवढंच गणित येतं.

पाचला दहा कमी असताना आम्ही पॉलेट बाईंच्या कचेरीत बसलो होतो. क्लीट कामाच्या कपड्यांतच आलेला. ब्रिन दाराबाहेर उभी, आत यायला तयार नव्हती.

"रॉक्स, शेवटचं विचारतो," क्लीट पुटपुटला. "आपण एकीसाठी दुसरीचा बळी देतोय."

"हो."

"'हो' काय? हे काय उत्तर झालं?"

"मग काय म्हणू? नाही म्हणू? देतोय. ब्रिन वाट काढेल, तिला वाचता येतं. ओपलला तीन वर्षं थांबता येणार नाही."

"आणि ती टॉलिव्हरवाली बाई पण बाळंतपणाला गेलेली निघाली तर?"

"तर मी तुझी माफी मागेन."

"माझी काय मागतेस," तो दाराकडे बघत म्हणाला.

मी उजवीकडच्या घरावर सही केली. मला अजिबात खात्री नव्हती. पॉलेट बाईंनी कागद ओढून घेतले, शिक्का मारला, फाइल बंद केली आणि मग मोठ्यानं श्वास सोडला, जणू दोन दिवस कोंडून धरला होता.

"आता सही झालीय, आता मी बोलू शकते. माझी नात टॉलिव्हरला आहे. तिला अक्षरं लागायची नाहीत. आता घरभर वाचत सुटते, औषधाच्या बाटल्यासुद्धा. तीनदा सांगितलं मी तुम्हाला, चालत आठ मिनिटं! चालत! बसची वाट बघायची गरज नाही! आणखी किती ओरडायचं होतं मी?"

क्लीटचं तोंड उघडंच राहिलं. मला हसू यावं की रडू, कळेना. बाईंनी कायदा न मोडता जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं होतं, आणि आम्ही दोघं शहाणे त्यांच्या भुवया वाचत बसलो होतो.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या. व्हर्नननं गुडघ्यांपायी नोकरी सोडली आणि चौदा नंबर माझ्याकडे आली. म्हणजे मी टॉलिव्हरच्या बाजूला राहते आणि ॲशग्रोव्हची पोरं टॉलिव्हरला नेऊन सोडते. हे कुणाला समजावून सांगायला जाऊ नका, मी प्रयत्न केलाय.

आमच्या समोरच्या घरात, त्याच डावीकडच्या, लहान आणि महाग घरात, कोण राहायला आलं असेल? ॲल्डन. ॲशग्रोव्हमधल्याच मोठ्या घरातून त्यांना निघावं लागलं. वकिलाची फी देण्यात गेलं ते घर. पहिल्याच सोमवारी त्याची आई त्याला बसपर्यंत सोडायला आली.

"तुम्ही कुठं राहता?" तिनं विचारलं.

मी समोर बोट दाखवलं. आमच्या ओट्यावरून ओपल उतरत होती, पाठीवर दप्तर, क्लीट तिचा हात धरून.

"ती कुठल्या शाळेत?"

"याच्याच."

बाईनं रस्त्याकडे बघितलं. पिवळ्या रेघेकडे. "चालत जाते?"

"आठ मिनिटं."

तिनं ॲल्डनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरात गेली.

मी लाल दिवे लावले होते, थांब्याची पाटी बाहेर काढली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या. समोर ब्रिन तिच्या बसची वाट बघत होती, ट्रॉम्बोनची पेटी पायाशी. माझ्या मागेच ॲशग्रोव्ह हायस्कूलची मोठी बस अडकली होती, आत बँडची पोरं ढोलाच्या काठ्या खिडकीवर वाजवत होती. ब्रिन त्या बसकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. संध्याकाळी तिनं भांडी पुसता पुसता विचारलं, "मॉम, वाचता न येणारी मी असते तर?"

"तरी हेच केलं असतं."

"आणि ओपलला ट्रॉम्बोन येत असता?"

"तरी हेच."

"म्हणजे जिला येतं तिनं गप्प बसायचं," ती म्हणाली, आणि फडका अडकवून वर निघून गेली. तिच्या बँडमध्ये आता बारा जण आहेत.

टॉलिव्हरच्या त्या बाई, मिसेस गेन्स, बाळंतपणाला गेलेल्या नव्हत्या. गेलेली दुसरी होती, आणि कर मंजूर झाल्याशिवाय तिच्या जागी कुणी येणार नव्हतं. म्हणजे मिसेस गेन्सकडे सगळी पोरं, माझ्या बसमधली सहा धरून एकोणीस. तरी ओपलला रोज पाऊण तास मिळतो. तासभर नाही. पाऊण.

ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी मी आणि ओपल त्याच फुटपाथवरून दुकानात निघालो होतो. आमच्या शेजाऱ्याच्या, मिस्टर पुगच्या, अंगणापाशी ती थबकली. पुग चांगला माणूस आहे, आमची कचऱ्याची पिंपं रस्त्यावरून आत आणून ठेवतो. ओपल त्याच्या पाटीसमोर उभी राहिली, हवेत बोट धरून, वाळूत काढायची तसं.

"शा… शाळे… शाळेचा," ती म्हणाली.

तिला मदत करायची नाही, हे वोइचिक बाईंनी मला शिकवलं होतं.

"न… वा. नवा. क… र. कर." मग शेवटचा शब्द, सगळ्यात मोठा, लाल. त्याच्याकडे तिनं बराच वेळ बघितलं. "न… को. नको!"

ती उड्या मारायला लागली. "मॉम! मी वाचलं! अख्खी पाटी! कुणी नाही सांगितलं! 'शाळेचा नवा कर नको!' मॉम, नको म्हणजे कशाला नको?"

पुग ओट्यावर कॉफी पीत बसला होता. त्यानं ऐकलं. कप तसाच हवेत राहिला.

"शाब्बास, पोरी," तो म्हणाला, आणि खाली बघायला लागला.

ओपल माझा हात ओढत होती. "सांग ना, कशाला नको?"

"मिस्टर पुगना विचार," मी म्हटलं, आणि तिचा हात सोडला.